लॅपटॉपमधल्या फुलवाती

चिमट्यानं पहिली फुलवात बाहेर काढली तेव्हा मला वाटलं, चुकून आत गेली असेल. मग दुसरी निघाली, मग तिसरी. लॅपटॉप उलटा करून मी दुकानाच्या दारातल्या उजेडात धरला. गरम हवा बाहेर जायला बुडाशी आणि मागे ज्या फटी असतात, त्या प्रत्येक फटीत फुलवात बसवलेली होती. कोंबलेली नव्हे, नीट बसवलेली. देठ आत, फूल बाहेर, सगळ्या एका उंचीच्या.

काउंटरपलीकडे स्टुलावर बसलेल्या बाई शांतपणे बघत होत्या. साठी उलटलेली, इरकल नेसलेली, मांडीवर कापडी पिशवी.

"ह्या कुणी घातल्या, काकी?"

"मी."

"का हो?"

"ओरडालंय ते. तोंड बंद केलं."

आवाज घोगरा होता, तांब्यात खडे घालून हलवल्यासारखा. पण हुकूम सोडायची सवय असलेला.

"तोंड नाही, नाक बंद केलंत त्याचं. श्वास कोंडून पडलंय."

"मेलं?"

"बेशुद्ध आहे. येईल शुद्धीवर."

त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या. हसताना एक हात गळ्यावर गेला.

ही दोन हजार पाच सालची गोष्ट, मार्चमधली. मिरजेत मार्केटमागच्या बोळात आमचं दुकान होतं. आमचं म्हणजे माझ्या दिराचं. पाटीवर 'विलास कॉम्प्युटर्स'. विलासभावजींना पुण्याला नोकरी लागली आणि दुकान विकत घेणारं कुणी मिळेपर्यंत शटर उघडं दिसावं म्हणून मला तिथं बसवलं. नुसतं बसायचं होतं. पण नुसतं बसणं मला माहेरीही कधी जमलं नव्हतं. मागच्या खोलीत बंद पडलेली मशिनं पडून होती, ती मी एकेक उघडत गेले. जोडता आलं नाही की दुसरं उघडून त्यात कसं आहे ते बघायचं. इंग्रजी सूचना मुलीचा शाळेतला शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायच्या. असं करत वर्षभरात माझा हात बसला. पण आलेला माणूस पायरीवरूनच विचारायचा, "विलास नाही का?" मी बघते म्हटलं तर, "नको वहिनी, नाजूक काम आहे." नाजूक काम! हातावर शेवया वळणाऱ्या बाईला हे सांगायचे.

ह्या बाईंनीही आल्या आल्या तेच विचारलं होतं. "विलास नाही का?"

"ते पुण्याला गेले. मी बघते."

"तुझं नाव काय?"

"मी विलासची वहिनी."

"ते नातं झालं. नाव विचारलं मी."

"उज्ज्वला."

"मी पद्मावती मगदूम. सगळे पद्माक्का म्हणतात, तूही म्हण. उघड आता ते."

फुलवाती काढल्यावर लॅपटॉप सुरू केला. सुरू झाला आणि मिक्सरमध्ये खोबरं फिरावं तसा घोंगावायला लागला. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं मान वळवून बघितलं.

"ऐकलंस?" अक्का म्हणाल्या. "भरतनं अमेरिकेहून पाठवला. माझा लेक. म्हणाला, मम्मी, सगळ्यात पॉवरफुल घेतलाय. पॉवरफुल तर आहेच. मी माईकसमोर बोलते आणि त्यात मीच ऐकू येत नाही."

"काय बोलता तुम्ही माईकसमोर?"

"ते माझं मी बघते." मग जरा थांबून, पिशवीची नाडी गुंडाळत त्या म्हणाल्या, "पाडव्यानंतरच्या सोमवारी माझं ऑपरेशन आहे. घशात गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, आवाजाची पेटीच काढायला लागेल. जीव राहील, आवाज राहणार नाही. त्याच्या आत मला बोलून ठेवायचंय. तू एवढं ह्याचं ओरडणं बंद कर."

नको तेव्हा माझी जीभ चुरूचुरू चालते, हवी तेव्हा दगड.

"करते," एवढंच म्हणाले.

त्या गेल्यावर मी लॅपटॉप पुरता खोलला आणि कपाळावर हात मारला. प्रोसेसरला लोक कॉम्प्युटरचा मेंदू म्हणतात. मी चूल म्हणते, कारण सगळं शिजतं तिथंच आणि तापतंही तेच. टेबलावरच्या कॉम्प्युटरची चूल मोठी, तिला पेटीभर जागा आणि मोठा पंखा. लॅपटॉपची चूल लहान, मूठभर जळणावर जगणारी. आणि भरतच्या ह्या लॅपटॉपमध्ये मोठी चूल बसवलेली होती, टेबलावरच्या कॉम्प्युटरचाच प्रोसेसर. त्या काळात असे लॅपटॉप निघायचे. स्वस्त पडायचे आणि जाहिरातीत आकडा मोठा दिसायचा. लेकानं आकडा बघितला. आईसाठी घ्यायचं तर मोठंच घ्यायचं, ह्यात त्याची काय चूक? पण घरच्या शेगडीवर लग्नाचं पातेलं चढवल्यागत झालेलं. पंखा थांबवला तर जळणार, चालवला तर ओरडणार. बॅटरी तर अर्धा तासही टिकेना.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन मी त्यांच्या घरी गेले. स्टेशनकडे जाताना रेल्वेच्या लोकांची जुनी घरं आहेत, त्यातलं एक. दारात पोचायच्या आत आतून आवाज आला.

"चप्पल नवी आहे. डावी चावतीय. कोण?"

पद्माक्कांचे यजमान खुर्चीत बसले होते. देवगोंडा मगदूम, रेल्वेतले निवृत्त गार्ड. मालगाडीच्या मागच्या डब्यात आयुष्य काढलेला माणूस. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. त्यांना सगळे आण्णा म्हणत.

"चावतीय खरं, आण्णा. कसं कळलं?"

"पाय घासालीस. बस."

अक्कांनी माईक तपासायला म्हटलेलं एक-दोन-तीन मी सॉफ्टवेअरनं साफ करून आणलं होतं. पंख्याचा आवाज त्यातून काढला होता, मोठ्या हौसेनं. लावलं. आण्णांनी मान तिरकी करून ऐकलं.

"ही कोण बाई?"

"अहो, मीच की!" अक्का.

"नव्हेस तू. तुझ्या आवाजाला काठ आहे. हिचा काठ कुणीतरी उसवलाय."

खरंच होतं ते. घोंगावणं काढताना अक्कांचा घोगरेपणाही गेला होता. उरलेला आवाज गुळगुळीत, कुणाचाही.

"मग आपण असं करू," मी म्हटलं, "मशीन दुसऱ्या खोलीत ठेवू आणि माईकची वायर लांब घेऊ. पोथी वाचायची ना तुम्हाला?"

आण्णा मोठ्यानं हसले.

"पोथी! उज्ज्वला, तुला सांगितलं नाही हिनं? लाव गं, तिला ते परवाचं लाव."

अक्का चहाचं आधण ठेवायला उठल्या, म्हणजे पळाल्याच. मीच फाइल लावली. पंख्याच्या गोंगाटातून अक्कांचा आवाज आला.

"अहो, चहा."

मग जरा वेळ काही नाही.

"उंबऱ्यात बादली आहे. पाय उचला."

"गोळी घेतली का? खोटं बोलू नका."

"गवळी आलाय."

"टीव्ही बारीक करा. बातम्या ओरडून खऱ्या होत नाहीत."

"तुमच्या बहिणीचा विषय आज नको."

मी हसत होते. हसता हसता मला कळलं आणि हसू तोंडातच राहिलं. सोमवारनंतर अक्कांना बोलता येणार नव्हतं आणि आण्णांना दिसत नव्हतं. पाटीवर लिहून दाखवावं तर वाचणार कोण? खुणा करून काय उपयोग? एका खोलीत दोन माणसं राहणार आणि एकमेकांना गाठायचा रस्ताच बंद.

आतून कपबशा वाजल्या. आण्णा हळू आवाजात म्हणाले, "भरत म्हणतो, अमेरिकेत मशीन मिळतं, टाइप केलं की बोलतं. पण मराठी नाही बोलत ते. आणि बोललं तरी ते कोण? मला कोणीतरी अनोळखी उठून म्हणणार, गोळी घ्या. मी नाही घेणार." मग त्यांनी चाचपत लॅपटॉपवर हात ठेवला. "आणि एक सांगतो. कान हेच माझे डोळे झालेत. ही कुठं आहे, दार उघडं आहे का, मांजर पायात आलं का, सगळं कानानं बघतो. हे दिवसभर घरात घोंगावलं, की मी आंधळ्याचा ठार आंधळा झालो."

म्हणजे वायर लांब करून भागणार नव्हतं. मशीन घरात, उशाशी, दिवसभर चालू राहणार होतं. बोलणारं हवं होतं आणि स्वतः गप्प राहणारं. शिवाय त्या वर्षी भारनियमन असं होतं की वीज यायची ती पाहुण्यासारखी. म्हणजे यूपीएसवर तासन् तास तगणारंही हवं होतं.

अक्का चहा घेऊन आल्या. मी कप घेतला, बाजूला ठेवला आणि लॅपटॉपच्या पोटाकडे बघत बसले. मोठी चूल लहान घरात... आणि लहान चूल मोठ्या घरात ठेवली तर?

"चहा गार झाला तुझा," अक्का म्हणाल्या.

"अक्का, मी येते." आणि मी तशीच उठले.

मागच्या खोलीत एका विमा एजंटचा लॅपटॉप पडला होता. स्कूटरवरून पडून मागून आलेल्या टेंपोखाली गेलेला. पडदा फुटलेला, आतला बोर्ड दुभंगलेला. आमच्याकडे भंगारात टाकून गेला होता. त्यातला प्रोसेसर मात्र शाबूत होता, आणि तो खरा लॅपटॉपचा प्रोसेसर होता, कमी खाणारा, कमी तापणारा. अगोदर तो भरतच्या लॅपटॉपमध्ये बसवून बघितला. खोबणच वेगळी, बसला नाही. मग जुन्या एका कॉम्प्युटरची पेटी उघडली. त्यातला मोठा प्रोसेसर काढला आणि दोघांना तळहातावर शेजारी शेजारी ठेवून भिंगातून बघितलं. बुडाच्या टाचण्यांची मांडणी तंतोतंत तीच. एकाच घरातल्या दोन जावा, एक जाडी, एक बारीक.

भावजींना फोन लावला.

"लॅपटॉपचा प्रोसेसर डेस्कटॉपला?" ते ओरडले. "वहिनी, तो फिरतीचा माल आहे! बैठ्या मशीनला कशाला?"

"कारण तो शांत आहे."

"चालायचा नाही. आणि त्याला वर झाकण नसतं, नुसती काच म्हणा ना. वरून हीटसिंकची पट्टी दाबताना कोपरा उडाला की गेला. माझे दोन गेलेत. दुसरा आहे का तुमच्याकडे?"

"नाही."

"मग नका करू."

फोन ठेवला. भावजी वाईट नाहीत. त्यांचे दोन गेले होते, म्हणून ते घाबरत होते.

काम मी अक्कांच्या घरीच करायचं ठरवलं. दुकानात कुणीतरी "विलास नाही का?" म्हणून हात हलवला असता. पेटी रिक्षात घालून नेली. प्रोसेसर खोबणीत अलगद बसला. आता हीटसिंक. हा उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा पाट्यासारखा ठोकळा प्रोसेसरवर ठेवायचा आणि स्टीलची पट्टी स्क्रू-ड्रायव्हरनं दाबून दोन्ही बाजूंच्या दातात अडकवायची. पट्टी कडक, दाब मोठा, आणि खाली नखाएवढा उघडा तुकडा. दाब तिरका पडला की कोपरा गेला. एक बाजू अडकवली. दुसरीला स्क्रू-ड्रायव्हर पट्टीवर टेकवला आणि तिथंच अडले.

"थांब," आण्णा म्हणाले. "श्वास बघ तुझा. धरून ठेवालीस. गाडी सोडताना श्वास धरायचा नसतो, सोडायचा असतो. शिट्टी त्यातनंच वाजते."

"आण्णा, इथं शिट्टी नाही."

"श्वास तर आहे?"

अक्का माझ्यासमोर येऊन बसल्या. पेटी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "तोडलंस तरी मी रागावणार नाही," त्या म्हणाल्या. "चार दिवस मिळाले असते तर चार दिवस रागावले असते. आता वेळ नाही. दाब."

श्वास सोडत दाबलं. कट्ट. पट्टी दातात बसली. काही उडालं नाही.

बटण दाबलं. पडदा काळा. काळाच. मग अक्षरं आली. शब्दकोश न उघडताच कळलं. वर लिहिलं होतं, प्रोसेसर अनोळखी आहे. खाली लिहिलं होतं, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.

"काय म्हणतंय?" अक्का.

"म्हणतंय, हा कोण बसलाय मला ठाऊक नाही. पण चालू करायचं तर करू या."

"मग दाब की."

दाबलं. चालू झालं.

"रोज विचारणार का हे?"

"रोज. ह्या बोर्डाला त्याचं नाव कधीच कळणार नाही."

"काम करतंय ना, मग नाव आम्ही ठेवू," अक्का म्हणाल्या. नाव त्यांनी ठेवलंच नाही, पण पुढं कायम त्याला 'तो' म्हणत.

पंख्याला मी निम्मीच वीज जोडली होती, एवढ्या थंड चुलीला ती भरपूर होती. आण्णांना विचारलं, "आवाज?"

त्यांनी पेटीवर तळहात ठेवला. मग कान लावला. "पंखा गेला. पण आत कोणीतरी विडी वळतंय. खर्र, खर्र."

ती हार्ड डिस्क. तिची थरथर पेटीच्या पत्र्याला लागत होती. मी इकडं तिकडं बघितलं. "अक्का, इलॅस्टिक आहे का घरात?"

अक्कांनी दोरीवरच्या आण्णांच्या नव्या लेंग्याकडे बघितलं. आण्णांना दिसत नव्हतं हे बरं. इलॅस्टिक निघालं, आणि मी हार्ड डिस्क पेटीत झोळीसारखी टांगली. परत चालू केलं, परत एफ-वन. आण्णा बराच वेळ ऐकत होते.

"लावा की आता," ते म्हणाले.

"लावलंय, आण्णा. केव्हाचं चालू आहे."

त्यांनी पेटीवरून हात फिरवला, जनावराच्या पाठीवरून फिरवतात तसा. मग म्हणाले, "मघाशी कात्री वाजली ती माझ्या नव्या लेंग्यावरच ना?"

तिथून पाडव्यापर्यंत आम्ही रोज बसलो. आणि एक गंमत कळली. रेकॉर्डिंगला सगळ्यात चांगली वेळ म्हणजे भारनियमनाची. वीज गेली की गिरणी बंद, शेजारचे टीव्ही बंद, पंखे बंद. सगळा भाग कान दाबल्यासारखा शांत. गाव वीजमंडळाला शिव्या घालत ओट्यावर बसलेलं असायचं आणि आम्ही आत पडदा बंद करून, 'तो' यूपीएसवर ठेवून, बोलायला बसायचो. लॅपटॉप अर्धा तास तगला नसता. 'तो' तगायचा. अक्का तर वीज कधी जाईल म्हणून घड्याळाकडे बघायच्या.

प्रत्येक वाक्य मी किबोर्डच्या एकेका बटणाला बांधलं. चहा, गोळी, अंघोळीचं पाणी, पावणं आलंय. ह्या बोटासरशी हे वाक्य. बटणांवर अक्कांनी आपल्या टिकल्या लावल्या, रंगारंगानं. लाल म्हणजे औषधं, हिरव्या म्हणजे खाणं, काळ्या म्हणजे भांडण.

"भांडणाला एवढी बटणं?" मी विचारलं.

"कमीच पडणार," आण्णा बोलले.

"गप बसा हो," अक्का म्हणाल्या, आणि मी म्हटलं, "हे राहिलं होतं बघा, हे घेऊ या." तेही घेतलं. चार तऱ्हांनी घेतलं, कारण आण्णा म्हणाले, एकच 'गप बसा' सगळीकडं चालत नाही.

आवाज रोज थोडा बसत चालला होता. मध्येच अक्का थांबायच्या, कोमट पाणी प्यायच्या, परत लागायच्या. रडारड झाली नाही. पाडव्याच्या आदल्या दिवशी सगळ्यात मोठं बटण, खालचा लांब स्पेसबार, मोकळा राहिला होता. मी म्हटलं, "ह्याला काय?"

अक्कांनी मला माईक जरा जवळ आणायला सांगितला.

"मी इथंच आहे," त्या म्हणाल्या. एकदाच. परत घेऊ का म्हणून मी विचारलं नाही.

पाडव्याला गुढी उतरल्यावर त्यांनी मला बोलावलं. "वाक्य बटणाला बांधायचं कसं, मला शिकव."

"काही राहिलं का? मी करते की."

"शिकव म्हटलं ना. तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही."

"मग तुला वेळ लागला असेल. मला तेवढा नाही."

शिकवलं. दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा जमलं. मग मला बाहेर आण्णांजवळ बसायला सांगून दार लोटून घेतलं. कप हातात घेऊन मी आण्णांशी बोलत बसले, तो तसाच गार झाला. दार उघडलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "झालं. सगळं बोलून झालं. पोरी, तुझा चहा."

निघताना तो अमेरिकेचा लॅपटॉप त्यांनी माझ्या पिशवीत घातला. मी नको म्हटलं. "तुझ्या दुकानात ओरडू दे," त्या म्हणाल्या. "भरतला मी सांगितलंय, पोरा, तुझा पॉवरफुल चांगल्या जागी गेला."

ऑपरेशननंतर त्या घरी आल्या त्या दिवशी मी गेले होते. गळ्याला पांढरी पट्टी. चेहरा उतरलेला. त्यांनी नुसती मान हलवली. आण्णा खुर्चीत ताठ बसले होते, गाडीची वाट बघितल्यासारखे, कान दाराकडं. अक्का कधी आत आल्या हे त्यांना पावलांवरून कळलं होतं, पण ते बोलले नाहीत. बोलले असते तर उत्तर आलं नसतं, आणि ते ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

अक्का स्वयंपाकघरात गेल्या. भांडं वाजलं. मग बाहेर येऊन किबोर्डपाशी उभ्या राहिल्या आणि हिरव्या टिकलीवर बोट ठेवलं.

"अहो, चहा."

आण्णांचा हात खुर्चीच्या दांड्यावरून सुटला. "आलो," ते म्हणाले. "साखर बघून घातलीस ना?"

अक्कांनी काळी टिकली दाबली.

"गप बसा हो."

आणि आण्णा जे हसले, ते हसत हसत रडायलाच लागले. मी चप्पल घालून बाहेर आले. तिथं माझं काम नव्हतं.

अक्का त्यानंतर बरीच वर्षं होत्या. मी जाऊन यायचे. पंखा एकदा बदलला, यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या, किबोर्ड झिजला तेव्हा नव्यावर टिकल्या तशाच लावल्या. 'तो' मात्र तोच. रोज सकाळी 'हा कोण' म्हणून विचारायचा आणि अक्का एफ-वन दाबायच्या. दुकान विकायचं राहून गेलं. मोबाइल आले, आवाजावर चालणारी यंत्रं आली, मराठीही बोलायला लागली. मगदूमांच्या घरात कुणाला त्यांची गरज वाटली नाही. भरतचा लॅपटॉप माझ्या टेबलावर एकाच जागी राहिला, जन्मात कुठं फिरला नाही. त्याच्यावर मी लग्नपत्रिका करते. मोकळ्या हवेत बसला की तो इतका काही ओरडत नाही.

अक्का गेल्या त्या वर्षी भरत आला. दिवस झाल्यावर एका सकाळी त्याचा फोन आला. फोनवर आवाज विचित्र लागत होता.

"उज्ज्वलाताई का? जरा घरी येता का? मम्मीनं बोलावलंय तुम्हाला."

मी तशीच निघाले.

दारात आण्णांनी चप्पल ओळखली. भरत किबोर्डजवळ उभा, डोळे लाल. शेजारी सांगलीहून आलेला एक दुरुस्तीवाला, हातात स्क्रू-ड्रायव्हर, चेहरा भांबावलेला. भरतला सगळी वाक्यं नव्या मोबाइलवर घ्यायची होती, आईचा आवाज जपून राहावा म्हणून. जुनं मशीन, कधी बंद पडेल सांगता येत नाही. खरंच बोलत होता तो. स्पेसबारवर टिकली तशीच होती, फक्त चमक गेलेली. भरत म्हणाला, मम्मी गेल्यापासून आण्णा बटणं दाबून आवाज ऐकत बसतात, फक्त 'मी इथंच आहे' तेवढं दाबत नाहीत.

"ह्यांनी पेटी उघडायला घेतली," तो म्हणाला, "आणि आण्णा म्हणाले थांबा. आणि वरचं एक बटण दाबलं. मला हे माहीतच नव्हतं."

"कुठलं?"

आण्णांनी हात पुढं केला. बोटं किबोर्डच्या वरच्या ओळीवर सरकली, डावीकडचं पहिलं बटण सोडून दुसऱ्यावर थांबली. एफ-वन. रोज सकाळी एकदा दाबायचं, एरवी मोकळं असणारं.

"तिनंच सांगून ठेवलं होतं," आण्णा म्हणाले. "मशीन उघडायला कुणी आलं की हे दाबा. तुझ्याशिवाय कुणी आलंच नाही इतकी वर्षं, मग दाबणार कशाला?"

त्यांनी दाबलं.

काठ न उसवलेला आवाज. मागं भारनियमनाची शांतता नव्हती. पाडव्याचा दिवस होता तो, लांब कुठंतरी ताशा वाजत होता, आणि दाराबाहेर आण्णांशी बोलणारा माझाच आवाज, पुसट.

"हात लावू नका. विलासला नको, आणखी कुणाला नको. उज्ज्वलाला बोलवा. हे तिनं केलंय, तिलाच कळतं. आणि ती आली की अगोदर चहा द्या, मग मशीन दाखवा. अगोदर मशीन दाखवलं की चहा गार करती ती."

सांगलीवाल्यानं स्क्रू-ड्रायव्हर माझ्याकडं केला. मी तो घेतला आणि टेबलावर ठेवला.

भरतनं चहा टाकला. कप आला. आण्णा मान तिरकी करून ऐकत होते. 'तो' काही न बोलता चालू होता.

मी बसले, आणि चहा गरम असतानाच प्यायले.